नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड: पहिल्यांदाच जाणाऱ्या चौघांसाठी

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही चौघं मित्र, राजगड, लोहगड आणि बारीच्या वाटेने कळसूबाई एवढं झालंय. आता डिसेंबरात बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायचा, रात्री वर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पाचनई गावात उतरायचं. ही वाट चौघांपैकी कुणीच पाहिलेली नाही. फोनमध्ये कुणीतरी जीपीएसवर नोंदवलेला ट्रॅक आहे. चौघांपैकी एकाला उंचीची थोडी भीती वाटते. जमेल का?

चढण्याइतका दम तुमच्यात असेल, त्याबद्दल मला शंका नाही. तरीही या डिसेंबरात, तुम्ही चौघांनीच, ही वाट करू नका. अनोळखी डोंगरवाट समोर आली की मी सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासतो: इथून मागे फिरता येईल का, आणि येत असेल तर कुठपर्यंत. नळीच्या वाटेत अर्ध्यावर गेल्यानंतर मागे फिरणं हे पुढे जाण्यापेक्षा अवघड होतं. ज्याला वाट माहीत आहे त्याला ते आधीच ठाऊक असतं आणि तो त्या जागेच्या खाली उभा राहून निर्णय घेतो. नवख्याला ती जागा ओलांडल्यावर कळते.

आधी उंचीबद्दलचा गैरसमज बाजूला करू. कळसूबाई १६४६ मीटर, हरिश्चंद्रगड १४२४ मीटर. आकडे पाहिले की वाटतं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर झालं, आता हा त्याहून कमीच. पण बारी गाव मुळातच घाटमाथ्यावर आहे आणि चढ तिथून सुरू होतो. शिवाय अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, वाट इतकी मळलेली आहे की रात्री विजेरीच्या उजेडातही माणसं चढतात. बेलपाडा आहे खाली कोकणात, मुरबाड तालुक्यात, गडाच्या कोकणकडा नावाच्या उंच कड्याच्या थेट पायथ्याला. तिथून माथ्यापर्यंत हजार मीटरहून अधिक चढ आहे आणि त्याचा मोठा भाग दगडधोंड्यांनी भरलेल्या एका अरुंद नळीतून जातो. समुद्रसपाटीपासूनची उंची गडाची ओळख सांगायला ठीक आहे, वाट किती कठीण आहे हे ती सांगत नाही. वाट निवडताना पायथ्याच्या गावाची उंची, माथ्याची उंची, आणि त्या दोहोंमध्ये हात लावावे लागणाऱ्या जागा किती, या तीन गोष्टी विचारा.

नळी म्हणजे काय हे नीट समजून घेतलंत तर माझं पुढचं सगळं म्हणणं पटेल. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. टणक थर उभा कडा धरून राहतो, मऊ थर झिजतो आणि त्याचा पदर, म्हणजे दोन कड्यांमधला कमी उताराचा पट्टा, होतो. माळशेजच्या रस्त्यावरून या रांगेकडे पाहा, कडा, पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर अशी उतरंड सरळ दिसते. हे कडे चढून जायला माणसाला दोनच ठिकाणं मिळतात. एक, जिथे डोंगराची सोंड किंवा धार खाली उतरते. दुसरं, जिथे कड्याला चीर पडलीय आणि पावसाच्या पाण्याने ती रुंद केलीय, म्हणजे नाळ किंवा नळी. सोंडेवरची वाट उघडी असते, उन्हाची असते, पण दोन्ही बाजूंचं दिसतं. नळीत दोन्ही बाजूंना भिंती असतात आणि वर आकाशाची पट्टी.

यातून तीन गोष्टी आपोआप येतात. वरून जे काही सुटेल, दगड, माती, झाडाचं खोड, ते सगळं नळीतूनच खाली येतं, दुसरीकडे जायला त्याला जागाच नाही. दुसरं, नळी जिथे टणक थर ओलांडते तिथे कातळटप्पा उभा असतो. पावसाळ्यात तो धबधबा असतो, हिवाळ्यात कोरडा कातळ. नळीच्या वाटेत असे दोन-तीन टप्पे हातपाय लावून चढावे लागतात. तिसरं, या टप्प्यांच्या मधला भाग मोठाल्या धोंड्यांचा आणि घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उताराचा, असतो. पावसाळ्यातल्या लोंढ्याने तो दरवर्षी हलतो. गेल्या वर्षी पक्का वाटलेला धोंडा यंदा डुगडुगत असेल, हे गृहीतच धरायचं.

आता मागे फिरण्याचा मुद्दा. कातळ चढताना खोबण्या डोळ्यांसमोर असतात, हाताने चाचपून मग भार टाकता येतो. उतरताना पाय आंधळेपणाने खोबणी शोधतात, वजन आधीच खाली ओढत असतं आणि पाठीवरची सॅक कातळाला लागून माणसाला बाहेर ढकलते. म्हणून जो टप्पा दहा मिनिटांत चढलात, तोच दोराशिवाय उतरणं तुमच्या आवाक्याबाहेरचं असू शकतं. एक कातळटप्पा चढलात की परतीचं एक दार बंद झालं. दुसरा चढलात की फक्त वरच जायचं उरतं. अशा वेळी तासभराने वाट सापडेनाशी झाली, कुणाचा पाय मुरगळला, पाणी संपलं, तर काय करणार? सह्याद्रीत अडकलेल्यांच्या अनेक हाकांमागे पडझड नसते. वर जाता येत नाही आणि खाली उतरता येत नाही, एवढंच झालेलं असतं, आणि तेवढ्यात रात्र पडते.

अशा हाका घेऊन स्वयंसेवी पथकांपर्यंत पोचवण्याचं काम महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर करतं. त्यांची चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आहे. तो क्रमांक आणि ११२ हे दोन्ही फोनमध्ये तर ठेवाच, कागदावरही लिहून ठेवा, कारण डोंगरात फोनची बॅटरी ऐन वेळी संपते. पण हेही लक्षात घ्या की त्या पथकांतली माणसं आपली नोकरी, घर सोडून येणारी असतात आणि नळीच्या मध्यापर्यंत पोचायला त्यांनाही कित्येक तास लागतात. वरून दोरावर उतरायचं असेल तर आधी त्यांना स्वतः गड चढावा लागतो.

जीपीएसच्या ट्रॅकविषयी स्पष्टच सांगतो, कारण तुमचा सगळा भरवसा त्याच्यावर दिसतोय. उघड्या पठारावर, जंगलात वाट शोधताना, धुक्यात दिशा धरताना ट्रॅक फार उपयोगी आहे आणि मी स्वतः तो वापरतो. पण अरुंद नळीत उंच भिंतींमुळे आकाशाचा थोडाच तुकडा उघडा असतो. उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि पडद्यावरचा ठिपका खऱ्या जागेपासून बराच सरकतो. पठारावर ठिपका वीस-तीस मीटर सरकला तर काही बिघडत नाही. नळीत तेवढ्यात शेजारची फाटणारी चीर येते, आणि ती चीर वर जाऊन बंद होत असेल तर तुम्ही भलत्याच कातळाखाली उभे राहता. शिवाय ट्रॅक हा कुणाच्या तरी एका दिवसाची नोंद असतो. त्याने जिथे वाट चुकून पुन्हा पकडली, तोही वळसा त्या रेषेत असतो. त्याच्याकडे दोर होता का, पुढे कोण होतं, कुठला टप्पा कसा चढला, हे रेषेला माहीत नसतं. तो वापरायचाच असेल तर नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर ठेवा, आणि ठिपक्याशी नजर जुळवण्याऐवजी समोरच्या डोंगराशी जुळवा. सर्वे ऑफ इंडियाचा पन्नास हजारी (१:५०,००० प्रमाणाचा) नकाशा मिळाला तर घरी टेबलावर पसरून बसा. त्यावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या वीस-वीस मीटरच्या अंतराने असतात. जिथे त्या एकमेकींना चिकटल्यात तो कडा, जिथे सुट्या झाल्यात तो पदर. एक संध्याकाळ त्यात घातलीत तर गडाचा आकार डोक्यात बसतो आणि वर गेल्यावर आपण कुठे आहोत हे ओळखू येऊ लागतं.

ट्रॅकपेक्षा मोठा आधार बेलपाड्यातला माणूस. तिथे ही वाट पायाखालची असलेली माणसं आहेत आणि नळीत जायचं असेल तर त्यांच्यापैकी एक वाटाड्या सोबत घेणं मी सक्तीचं मानतो. पैसे आधी ठरवा, नीट द्या, जेवणाखाण्यात त्याला आपल्याबरोबर धरा आणि त्याच्या परतीच्या प्रवासाचाही विचार करा, कारण तुम्ही पाचनईला उतरलात की त्याला पुन्हा डोंगर ओलांडून घरी जायचं असतं.

पण वाटाड्याला विचारायचे प्रश्न नीट विचारा. "वाट आहे का?" असं विचारलंत तर "आहे की" हेच उत्तर येणार, कारण त्याच्यासाठी ती आहेच. "किती वेळ लागेल?" याचं उत्तर त्याच्या पायांचं असतं, तुमच्या नाही. त्याऐवजी विचारा: पावसाळा संपल्यापासून वर कोण कोण जाऊन आलं? शेवटचं कधी? कुठला दगड निखळलाय, कुठली जागा बदललीय? पहिल्या कातळटप्प्यापाशी आमच्यासारखी माणसं किती वाजता पोचली तर तुम्ही पुढे नेता, आणि किती वाजता पोचली तर परत आणता? या शेवटच्या प्रश्नावर तो थोडा थांबून उत्तर देईल. ते उत्तर लिहून घ्या आणि त्याच्याशी हुज्जत घालू नका. वाटाड्या म्हणाला "आज नको", तर आज नको.

वाट ओळखण्याबद्दल, कारण हे पुढच्या प्रत्येक डोंगरात लागणार आहे. गावातून निघाल्यावर जंगलात सगळ्यात आधी फसवते ती ढोरवाट. दिसायला रुंद, मळलेली, अगदी खरी वाटते. ती जनावरांच्या चरण्याच्या जागेपर्यंत जाते आणि तिथे दहा वाटांत फुटून विरते. ओळखायचं असं: नजर जमिनीवरून उचला आणि छातीच्या वर पाहा. माणसांच्या वाटेवर डोक्यापर्यंतच्या फांद्या छाटलेल्या किंवा मोडलेल्या असतात, कोयत्याचे तिरपे घाव दिसतात. ढोरवाट खालून मोकळी असते आणि चेहऱ्याला फांद्या लागतात. कारवीतून जाताना सतत वाकावं लागतंय, हाताने दोन्हीकडे बाजूला करावं लागतंय, असं शे-दोनशे पावलं झालं की थांबा. कातळावर रंगाचे बाण किंवा दगडावर दगड रचलेल्या खुणा दिसतील. त्यांना मान द्या, पण बाण कुणी कुठल्या वाटेसाठी काढलाय हे बाणावर लिहिलेलं नसतं. या भागात घाटवाटा अनेक आहेत आणि त्यांच्या खुणा एकमेकींत मिसळतात.

वाट चुकल्याची शंका आली की बसा. खरोखर जमिनीवर बसा, पाणी प्या, सगळे एकत्र या. मग शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत आल्या वाटेने मागे जा. दोघांनी इकडे, दोघांनी तिकडे शोधायला जायचं नाही. आणि एक गोष्ट मनात कोरून ठेवा: सह्याद्रीत वाट चुकल्यावर ओढ्याच्या मागे मागे खाली उतरायचं नाही. "पाणी गावाकडेच जातं" हा सल्ला अनेकांनी ऐकलेला असतो. इथे पाणी आधी कड्यावरून पडतं, मग गावाकडे जातं. वर सांगितलेल्या थरांमुळे प्रत्येक पाणवाट कुठे ना कुठे उभ्या कातळावर येऊन थांबते, आणि तिथवर तुम्ही दोन-तीन लहान टप्पे उड्या मारून उतरलेले असता, जे आता पुन्हा चढता येत नाहीत. धारेवर, सोंडेवर, उघड्यावर या. तिथून दिसतं, आणि तुम्हीही दिसता, फोनला रेंजही बहुधा तिथेच मिळते.

वेळेचं गणित कडक ठेवायचं. डिसेंबरात सूर्य सात वाजता उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो, म्हणजे उजेडाचे जेमतेम अकरा तास. नवख्या गटाला बेलपाड्यातून वर यायला आठ ते दहा तास सहज लागतात. कोकणकड्याची ही बाजू पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी नळीत सावली असते आणि दुपारनंतर ऊन थेट आत शिरतं, कातळ तापतो, नळीत वारा नसतो. सगळा जोर सकाळी लावायचा तो यासाठी. मी गट नेतो तेव्हा पहाटे अंधारातच गाव सोडतो. साडेआठपर्यंत नळीच्या तोंडाशी नसलो तर त्या दिवशी नळी करत नाही. दुपारी बारापर्यंत पहिला मोठा कातळटप्पा सगळ्यांनी ओलांडलेला नसेल तर तिथून परत. या वेळा घरी ठरवायच्या, चौघांनी मान्य करायच्या आणि डोंगरात बदलायच्या नाहीत. कारण बारा वाजता वर माथा जवळ दिसतो, हातात घेतल्यासारखा दिसतो, आणि माणूस म्हणतो "एवढं आलोय तर". नेमक्या त्याच वेळी पाय थकलेले असतात आणि पाण्याची अर्धी बाटली उरलेली असते. शुक्रवारी रात्रभर प्रवास करून, न झोपता, शनिवारी पहाटे चढायला लागणं हेही मला मान्य नाही. आदल्या संध्याकाळी बेलपाड्यात पोचा, कुणाच्या ओसरीवर झोपा.

हंगामाबद्दल तुमची निवड बरोबर आहे. पावसाळ्यात नळी म्हणजे वाहता धबधबा, त्याचा विचारही नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कातळावर शेवाळ आणि ओल उरलेली असते आणि ओला बसाल्ट, म्हणजे लाव्हाचा हा काळा दगड, फार निसरडा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. मार्चनंतर नळी भट्टीसारखी तापते. मात्र या चांगल्या काळात शनिवार-रविवारी मोठमोठे गट याच वाटेवर असतात. तुमच्या डोक्यावर तीस माणसं घसाऱ्यातून चालत असतील तर तुम्ही कितीही सावध असा, त्याचा उपयोग नाही. मधला वार निवडा. ते जमत नसेल तर सगळ्यांच्या आधी निघा, आणि वर गट दिसला तर तो निघून जाईपर्यंत बाजूला भिंतीच्या आडोशाला थांबा.

दगड हा या वाटेवरचा मुख्य धोका, म्हणून हेल्मेट प्रत्येकाला हवं. गिर्यारोहणाचं हवं, सायकलचं किंवा बांधकामावरचं नको. घसाऱ्यात एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने चालायचं नाही. एक तर अगदी जवळजवळ चला, म्हणजे सुटलेला दगड वेग घेण्याआधीच अडवता येतो, नाहीतर एकेकाने तुकडा पार करायचा आणि बाकीच्यांनी आडोशाला थांबायचं. दगड सुटला की लहान असो वा मोठा, जोरात "दगड!" ओरडायचं. खालच्याने वर पाहायचं नाही, भिंतीला चिकटायचं. वानरंही वरून दगड सोडतात, तेव्हा माणसं नाहीत म्हणजे धोका नाही असं समजू नका.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अंगाला अत्तर, डिओ नको, नळीत धूर नको, सिगारेट नको, आरडाओरडा आणि गाणी नकोत. माश्या उठल्याच तर हात झटकत बसू नका. चेहरा, मान झाका आणि त्या जागेपासून दूर व्हा. कातळावर हात टाकण्याआधी त्या खोबणीत पाहायची सवय लावा, कारण कोकणाच्या बाजूला फुरसं हा विषारी साप आहे आणि तो दगडांतच बसतो. गवताची जुडी किंवा कारवीची काठी धरून भार टाकायचा नाही. दोन हात, दोन पाय यांपैकी तीन पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. दगड धरण्याआधी मुठीने ठोका. पोकळ आवाज आला तर तो सोडा.

दोराविषयी अनेक जण विचारतात. दोर न्या, पण तुमच्यापैकी एकालाही पक्का आधार शोधून दोर बांधता येत नसेल आणि खालून येणाऱ्याला दोरावर सांभाळता येत नसेल, तर तो दोर फक्त ओझं आहे. त्याहून वाईट म्हणजे खोटा धीर आहे. हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर तर नकोच. गिर्यारोहणाचा दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), कॅरॅबिनर (दोर अडकवायची कडी) ही साधनं हाताळायला शिकण्यासाठी महिनाभराचा कोर्स लागत नाही. पुण्या-मुंबईतल्या गिर्यारोहण संस्था हिवाळ्यात दोन-तीन दिवसांची प्रस्तरारोहणाची, म्हणजे कातळ चढण्याची, शिबिरं घेतात, मुंब्र्याच्या डोंगरातही असा सराव चालतो. तुमच्यातल्या दोघांनी तरी ते करून या. नळीचे टप्पे प्रस्तरारोहकाच्या दृष्टीने सोपे आहेत, पण ते सोपे वाटण्यासाठी हाताखाली कातळ आधी यायला हवा.

पाणी माणशी चार लिटर. नळीतलं पाणी डिसेंबरात कुठे असेल कुठे नसेल, त्यावर विसंबू नका. मांड्यांना गोळे येतात ते थकव्याने, आणि मीठ-पाणी कमी पडल्यानेही येऊ शकतात, म्हणून ओआरएसची पाकिटं न्या आणि तहान लागण्याआधी प्या. सॅक हलकी ठेवा. वर मंदिरापाशी आणि कोकणकड्याजवळ गावकऱ्यांच्या झोपड्यांत जेवण मिळतं, आधी फोन करून सांगितलं तर भाकरी-पिठलं तयार असतं. तंबू, भांडी, तांदूळ पाठीवर घेऊन कातळटप्पे चढण्याची गरज नाही. हेड टॉर्च मात्र प्रत्येकाकडे, जादा बॅटरीसह. फोनची विजेरी हेड टॉर्चची जागा घेत नाही, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. गड अभयारण्याच्या हद्दीत आहे. मुक्काम, शेकोटी आणि प्रवेशाबद्दल वनखात्याचे त्या वेळचे नियम जाण्याआधी विचारून घ्या आणि पाळा.

एखाद्या गटाबरोबर पैसे भरून जावं का, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. जाऊ शकता, पण पारखून. साहसी पर्यटनाबाबत महाराष्ट्र शासनाचं २०२१ सालचं धोरण आहे आणि त्यानुसार आयोजकाने नोंदणी करणं अपेक्षित आहे, तेव्हा ती विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेता याच हंगामात ही वाट चढलाय का, गट किती जणांचा, दोर आणि हेल्मेट कोण आणणार, मागे शेवटी चालणारा अनुभवी माणूस कोण. चाळीस जणांचा गट नळीत नेणाऱ्याबरोबर मी माझ्या घरचं माणूस पाठवणार नाही.

मग तुम्ही या हिवाळ्यात काय करायचं? करण्यासारखं खूप आहे. डिसेंबरात पाचनईच्या वाटेनेच गडावर जा. वाट सोपी आहे, दोन-अडीच तासांची, कातळाच्या कडेकडेने जाणारी, धोक्याच्या जागी रेलिंग लावलेली. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, पाण्यात उभं असलेलं केदारेश्वराचं लिंग, तारामतीचं शिखर, हे सगळं भरपूर वेळ देऊन पाहा, नळीतून थकून आलेला माणूस यातलं काहीच पाहत नाही. दुसऱ्या सकाळी उजेडात वरच्या झोपडीतला कुणी सोबत घ्या आणि नळीची वाट जिथे माथ्यावर निघते ती जागा वरून पाहून घ्या. काठापासून अंतर राखून, पोटावर झोपूनच खाली पाहायचं. वाट वरून पाहिलेली असली की खालून येताना तिचा शेवट डोळ्यांसमोर असतो. उतरताना वेळ असेल तर तोलार खिंडीने खिरेश्वरला उतरा. खिंडीतलं वाघाचं शिल्प पाहायला मिळेल, आणि पठारावरच्या टेकड्यांमध्ये दिशा कशी हरवते याचा अंदाज चांगल्या हवेतच येईल. पावसाळ्यातल्या धुक्यात हीच सोपी म्हणवली जाणारी वाट माणसांना तासन्‌तास फिरवते.

जानेवारीत नाणेघाट करा, वैशाखऱ्याच्या बाजूने वर. खरी जुनी घाटवाट, न चुकणारी, कोकणातून घाटमाथ्यावर चढणं म्हणजे काय हे पायांना कळतं आणि वर सातवाहनांचा शिलालेख आहे. साम्रदच्या सांधण दरीत दोराच्या टप्प्याआधीपर्यंत जाऊन परत या, धोंड्यांवरून चालण्याचा त्याहून चांगला सराव नाही. मग फेब्रुवारीत बेलपाड्याला या. गावातला माणूस घेऊन नळीच्या तोंडापर्यंत जा आणि परत फिरा, एवढाच बेत ठेवून. किती वेळ लागला, किती पाणी प्यायलात, गुडघे काय म्हणाले, लिहून ठेवा. जमलं तर त्याच माणसाबरोबर साधले घाटाने वर जाऊन पाचनईला उतरा. तीही बेलपाड्यातूनच वर जाणारी घाटवाट, नळीपेक्षा सौम्य, पण एकट्याने करण्यासारखी नाही. एवढं झालं, दोघांचं शिबिर झालं, की पुढच्या डिसेंबरात वाटाड्यासह नळी करा. मी स्वतः तुम्हाला जा म्हणेन.

उंचीची भीती वाटणाऱ्या मित्राबद्दल. त्याला चिडवू नका, समजावू नका, आणि "वर गेल्यावर बरं वाटेल" असं तर अजिबात सांगू नका. कातळटप्प्याच्या मधोमध ज्याचे पाय थरथरायला लागतात, त्याला तिथे दोराशिवाय कुणीही मदत करू शकत नाही. जवळ जायलाही जागा नसते. शिबिरात त्याला आधी न्या, तिथे खाली दोर धरणारा असतो, पडलं तरी वीतभर लोंबकळून परत कातळाला लागता येतं. दोन दिवसांत त्याला स्वतःलाच कळेल की भीती कातळाची आहे की दोर नसण्याची. दोर नसण्याची असेल तर तो नळीत चालेल. कातळाचीच असेल तर पुढच्या डिसेंबरात तुम्ही तिघं खालून या आणि तो पाचनईने वर येऊन थांबू दे. त्याच्याकडे तुमच्या वेळा लिहिलेला कागद असू द्या: नळीच्या तोंडाशी कधी, पहिला टप्पा कधी, माथा कधी, आणि सायंकाळी किती वाजेपर्यंत तुम्ही दिसला नाहीत तर कुणाला फोन करायचा.